शेफील्डचा जुना वस्तरा आणि नवी शिसवी मूठ : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वस्तरा जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा, पातं ६/८ इंच, म्हणजे साधारण १९ मिमी रुंद. पात्याच्या मानेवर (धारेमागचा, खिळ्याने मुठीत अडकणारा भाग) तारा आणि माल्टीज क्रॉस, शेजारी ‘शेफील्ड, इंग्लंड’. शिक्क्यात ‘इंग्लंड’ दिसलं की माल सहसा १८९१ नंतरचा समजायचा, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालून वापरतात त्या वस्तऱ्याशी याची तुलनाच नको. इथे धार आपणच लावायची आणि आपणच टिकवायची.

अनेक महिने वापरल्यावर माझं मत असं की पातं सुधारणं हे निम्म्याहून कमी काम आहे. मूठ म्हणजे दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातं मिटतं. ती जरा वाकडी असली तर मिटताना धार पट्टीच्या आतल्या बाजूला टेकते आणि दगडावरची सगळी मेहनत एका क्षणात जाते.

घेताना भिंगातून धार बघायची. धारेपासून पाठीकडे जाणारा तडा असेल तर तो वस्तरा वापरायचाच नाही. गंजाचे खड्डे पाठीजवळ असले तर चालतात, पण धारेलगतच्या एक-दोन मिमीत असले तर धार लावताना तिथेच तुकडे उडतात. मूळ मूठ सेल्युलॉइडची (एक जुनं प्लास्टिक) असेल तर ती आधी काढा. ते जुनं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि मुठीत मिटलेला भागच गंजतो. शिवाय ते भडकन पेटतं, त्यामुळे त्यावर ग्राइंडर चालवू नये.

गंज हातानेच काढायचा. पातं लाकडी ठोकळ्यावर सपाट ठेवायचं, धारेवर टेप लावायची, खोडरबराला वॉटर पेपर गुंडाळायचा आणि ४००, ६००, १०००, २००० असं चढत जायचं. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. मशीनवर पातळ धार क्षणात तापते. ती निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग कुठल्याही दगडावर धार टिकत नाही. व्हिनेगरने गंज निघतो, पण पोलाद करडं पडतं आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात.

आता मूठ. जुन्या रिव्हेटचं डोकं कानशीने घासून खिळा बारीक पंचने बाहेर ढकलायचा. हातोडीने थेट ठोकलं तर मानेचं भोक मोठं होतं. नव्या पट्ट्या शिसवीच्या, ३ मिमी जाड, घासून शेवटी अडीच मिमी. दोन्ही पट्ट्या दुहेरी टेपने एकमेकींना चिकटवून एकदमच भोकं पाडायची, म्हणजे ती समोरासमोर येतात. खिळ्यासाठी १६ गेजची पितळी तार (१.६ मिमी) आणि ड्रिल १.७ मिमीचं. ठोकताना तार आतून फुगते. भोक अगदी घट्ट असलं तर शिसव रेषेतून फाटते.

पाचर, म्हणजे मुठीच्या मागच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये बसणारा तुकडा, सगळ्यात महत्त्वाची. जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांत ती बहुतेक शिशाची असते. शिसं कोरडं घासू नका, हाताळल्यावर हात धुवा. पाचर मानेपेक्षा पातळ हवी, म्हणजे पट्ट्या किंचित कमानीत येऊन मानेला धरतात. पात्याकडची तिची बाजू थोडी जाड ठेवायची. सरळ चपटी पट्टी बसवली तर कडेला फट राहते आणि तिथे पाणी साठतं. पाचर चिकटवू नये असं माझं ठाम मत आहे. खिळ्याने धरलेली मूठ पुढे कधीही उघडता येते.

आधी सगळं १.६ मिमीच्या नट-बोल्टवर बांधून बघायचं. पातं मधोमध मिटत नसेल तर पाचरीची एक बाजू घासून जुळवायचं. मगच पितळी तार घालायची. मान आणि पट्टी यांच्यामध्ये पातळ पितळी वॉशर, बाहेरून एकेक लहान वॉशर, तार दोन्हीकडे साधारण एक मिमी बाहेर. हलक्या हातोडीने डोक्याच्या कडेकडेने, दोन्ही बाजूंना आलटून पालटून ठोकायचं. जोरात ठोकलं तर मधल्या पोकळीत तार वाकते आणि जुळवलेलं पातं पुन्हा एका अंगाला जातं.

धार १०००, ५०००, ८००० आणि १२००० ग्रिटच्या (आकडा वाढेल तसा दगड बारीक) दगडांवर लावली. पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर. एकदा टेप लावून धार केली की पुढच्या वेळीही लावावीच लागते, नाहीतर कोन बदलतो. १००० वर हाताचे केस त्वचेलगत सहज कापले जात नाहीत तोवर पुढच्या दगडाला हात लावू नये. बहुतेकांची धार इथेच फसते. रोज दाढीआधी धार परजायच्या पट्ट्याच्या कॅनव्हासवर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या, पाठ पुढे ठेवून. दाढी ओढू लागली की क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या पट्ट्यावर दहा फेऱ्या मारल्या की बहुधा भागतं.

कोकणच्या हवेत पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि पातं जड उघडू लागलं. थंडीत तेच सैल पडलं. सैल पडलं की खिळ्याच्या डोक्यावर दोन-तीन हलके ठोके पुरेसे होतात. सायनोअॅक्रिलेटचं (सुपरग्लूचं) पॉलिश बाहेरून उत्तम टिकलं. शिसवीत नैसर्गिक तेल असतं, म्हणून आधी अॅसिटोनने पुसणं आवश्यक, नाहीतर थर खिळ्याभोवती उचकटतो. डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल हातात जास्त छान वाटतं, पण दर काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. त्या तेलाची चिंधी गुंडाळून टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते, म्हणून पसरून वाळवायची.

दाढीनंतर पातं कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्यायचा आणि वस्तरा रात्रभर उघडा ठेवायचा. ओलं पातं मिटलं तर मानेजवळ गंज धरतो, पितळावर हिरवा थर येतो आणि लोखंड लागून लाकूडही काळं पडतं. शिसवीचा हा डाग घासून पूर्ण जात नाही. म्हणून पट्ट्यांची आतली बाजू जोडण्याआधीच पॉलिश करून घ्यावी. एकदा रिव्हेट ठोकल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.