दहा पावसाळे काढलेलं जाकीट चकचकीत कसं?

खरी म्हणून घेतलेली जुनी फिगर, म्हणजे सिनेमातल्या पात्राचा संग्रहासाठीचा छोटा पुतळा, नकली निघाली, त्याची ही गोष्ट. रक्कम आधी. ५,००० टोकन, २२,५०० बाकी, ४८० पॅकिंग आणि कुरिअर. एकूण २७,९८० रुपये, तिन्ही वेळा यूपीआयने. पहिले दोन भरणे एकाच नावावर, तिसरा भलत्याच बाईच्या नावावर. ‘वहिनीचा नंबर आहे, माझी लिमिट संपली.’ ४८० रुपयांनी कुणाची लिमिट संपते? पण तेव्हा सत्तावीस हजार गेलेच होते, चारशेऐंशीसाठी कोण खळखळ करणार.

माल काय ठरला होता? हॉट टॉईज कंपनीचा विंटर सोल्जर, मार्व्हलच्या सिनेमातलं पात्र, मॉडेल क्रमांक एमएमएस २४१, एक-षष्ठांश मापाचा, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर उंच. २०१४ च्या चित्रपटावरची फिगर. उत्पादन केव्हाच बंद झालंय, त्यामुळे दुसऱ्याच्या हातचीच मिळते. घरी आलं काय? खोका खरा. स्टँड खरा. बंदुका खऱ्या, बदली हाताचे पंजेसुद्धा खरे. मधे उभा केलेला गडी मात्र सगळा जोडकामाचा: डोकं रीकास्ट, म्हणजे साचा घेऊन ओतलेली नक्कल, अंग दुसऱ्याच कुठल्या स्वस्त बनावटीचं आणि जाकीट कालपरवा शिवलेलं.

ज्यांना या छंदाचे व्यवहार ठाऊक आहेत त्यांना तऱ्हा ओळखता येईल. एक खरी फिगर फोडायची, डोकं एकाला, अंग दुसऱ्याला, चिलखत तिसऱ्याला विकायचं. शेवटी उरतो खोका आणि किडूकमिडूक. त्यात नकली पुतळा भरायचा की खोक्याच्या जोरावर पूर्ण किंमत वसूल. म्हणून सांगतो, खोक्याच्या फोटोंना भुलू नका. खोका हा पुरावा नाहीच, तो आमिष आहे.

आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही, हीच तर आग आहे. या फिगरांची परीक्षणं लिहितो मी. डोक्याचा रंग, मानेचा सांधा, मनगटाची खुंटी, सगळं लोकांना शिकवतो. शिकवणारा बुडाला.

विकणारा दक्षिण गोव्यातल्या साष्टीतला, मी उत्तरेतल्या बार्देशातला. त्याची कथा ऐका, गोव्यात कुणालाही पटेल अशीच होती: भाऊ बोटीवर, हाँगकाँगला उतरला तेव्हा खास दुकानातून घेतला, दहा वर्षं घरात आहे. हॉट टॉईज हाँगकाँगचीच कंपनी, बोटीवरची माणसं आपल्याकडे घरटी एक. शंका घ्यायची कशावर? खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. नवी फिगर रीतसर मागवायची म्हटलं तर खिसा फाटतो, म्हणून आपण सगळेच कुणाच्या तरी भावाच्या, मामाच्या सामानातून आलेल्या वस्तूंच्या मागे लागतो. नकलीवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता तो क्षण. व्हिडिओ कॉल चालू आहे. माझ्या सांगण्यावरून त्याने फिगरचं कोपर वाकवलं, कॅमेरा जवळ नेला. जाकिटाला घडी पडली, सोडल्यावर सरळ झाली. एक पोपडा नाही, एक चीर नाही, काळा रंग टवटवीत. आणि मी काय म्हणालो? ‘वा, काय सांभाळलंय तुम्ही!’

सांभाळलंय म्हणे.

हे जाकीट खऱ्या चामड्याचं नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर, आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्यातलाच प्रकार. हवेतली बाष्प या थरात शिरते, त्याच्या साखळ्या तोडते, आणि थर कापडापासून सुटायला लागतो. आधी कोपराची घडी, मग कॉलर, मग काखेतली शिवण. काळे पोपडे, खाली पांढुरकं कापड. फिगर खोक्यात बंद असली तरी हे होतंच. घट्ट बंद खोक्यात वारं खेळत नाही म्हणून कधी जास्तच होतं. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर हवा ओली चिंब. चपला, पट्टे, माळ्यावर टाकलेली जुनी बॅग, काय होतं त्यांचं पावसाळ्यात ते प्रत्येक घराला माहीत आहे. दहा पावसाळे साष्टीत काढलेलं रेक्झिनचं जाकीट निर्दोष दिसत असेल तर दोन शक्यता. एक, घरात बारा महिने एसी आणि आर्द्रता मोजणारं यंत्र. दोन, जाकीट दहा पावसाळ्यांचं नाहीच. त्याच्या मागे भिंतीला ओल आलेली स्पष्ट दिसत होती, हिरवा पडदा अर्धवट ओढून लपवलेली. म्हणजे पहिली शक्यता तिथेच बाद. मी पोपडे नाहीत म्हणून खूश झालो. पोपडे नाहीत म्हणून फोन ठेवायला हवा होता.

जुनी रेक्झिनवाली फिगर गोव्यातून घेताना दोष मागा. कुठे सुटलंय ते दाखवा म्हणा. खरा संग्राहक स्वतःहून कॉलरचा पोपडा दाखवतो आणि दोन हजार कमी करतो. सूट बदललेला असला तरी वाईट नाही, बाजारात बदली कपड्यांचे संच मिळतात, पण ते सांगून विकायचं असतं आणि किंमत त्यानुसार उतरते.

दुसरी खूण वासाची होती, आणि ती मला पार्सल उघडल्यावर कळली. डांबरगोळ्यांचा भपकारा. विचारलं तर ‘कसर लागू नये म्हणून ठेवल्या होत्या’. वरवर पटण्यासारखं, जपून ठेवायच्या वस्तूंत डांबरगोळ्या टाकतातच. पण प्लास्टिकच्या वस्तूंबरोबर डांबरगोळी ठेवायची नाही हे या छंदातलं पहिलं वर्ष शिकवतं. नॅफ्थलीन पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला मऊ करतं, पारदर्शक ट्रे चिकट होतो. तो वास नव्या रंगाचा आणि रेझिनचा वास झाकायला होता. खोक्यात ठेवायच्या त्या सिलिका जेलच्या पुड्या, त्याही रंग बदलला की बदलायच्या. वर्षानुवर्षं त्याच पुड्या ठेवून काही उपयोग नाही.

डोक्याविषयी. रीकास्ट म्हणजे खऱ्या डोक्याचा सिलिकॉनमध्ये साचा घेऊन रेझिनमध्ये ओतलेली प्रत. साच्यात आणि सुकताना ती किंचित आकसते, त्यामुळे खऱ्याच्या शेजारी ठेवली तर वीतभर अंतरावरूनही केसांचा भाग बारका वाटतो. एकटी असली तर नाही कळत. मग काय पाहायचं? मान. डोकं काढून मानेची खोबण दाखवायला सांगा. खऱ्याची खोबण साच्यातून निघालेली, गोल आणि नेटकी, खुंटीवर दाबली की बसल्याचं हाताला कळतं. रीकास्टची बहुतेकदा मागून कोरलेली, कडा खरबरीत, कधी पांढरी भुकटी पडते, आणि डोकं एक तर डुगडुगतं नाही तर इतकं घट्ट बसतं की काढताना खुंटी मोडते. रेझिन कडक असतं, नखाने टकटक केल्यावर कोरडा आवाज येतो. खऱ्याचा आवाज बोजड. मी डोकं काढायला सांगितलं होतं, बरं का. ‘दहा वर्षं बसलंय, ओढलं तर मोडेल, तुम्हीच हेअर ड्रायरने गरम करून काढा’ असं उत्तर मिळालं. हेअर ड्रायरने गरम करून सांधा सैल करणं हा खरोखरचा उपाय आहे, म्हणूनच मी गप्प बसलो. अर्धसत्य बोलणाऱ्यापेक्षा थापाड्या परवडला.

आणखी एक, कातडीचा रंग. पंजे खरे आणि डोकं नकली असेल तर दोन्हीचा रंग जुळत नाही. चेहरा गुलाबीकडे, पंजे पिवळसर. पण हे दिसतं दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळंच एकसारखं पांढरं. माझा कॉल रात्री साडेनऊचा होता. फिगर खिडकीपाशी, दुपारी, चेहऱ्याला पंजा लावून दाखवा असं सांगा. डाव्या दंडावरचा लाल तारा नखाने खरवडून पाहा. माझ्याकडे आलेल्यावर तो स्टिकर आहे, कड उचलते.

बरं, मी काहीच केलं नाही असं समजू नका. आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी फिगरजवळ ठेवून फोटो मागवला, आला. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो मागवले, आले. त्याने आधी विकलेल्या चार जणांचे नंबर दिले, तिघांशी बोललो, तिघांनी वाखाणणी केली. ते तिघे त्याचेच असणार हे आता कळतं. चिठ्ठीचा फोटो वस्तू त्याच्यापाशी आहे एवढंच सांगतो. वस्तू खरी आहे हे नाही सांगत.

कुरिअर! पंचेचाळीस किलोमीटरसाठी कुरिअर! गोव्यात कुणी करतं का असं? पणजीला कदंब स्टँडवर भेटायचं ठरलं होतं. आदल्या रात्री निरोप: चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची कामं, गाडी गॅरेजमध्ये, कुरिअरने धाडतो. चवथ आठ दिवसांवर आली होती हे खरंच. ऑगस्ट २०२४ चा शेवट तो, घरोघर रंग आणि साफसफाई. मी त्याला समजून घेतलं. स्वतःच स्कूटर काढून मडगावला गेलो असतो तर तासा-दीड तासात प्रश्न मिटला असता. समोरासमोर देण्याचं टाळतो तो माणूस कितीही गोड बोलो, टोकनचा विचारसुद्धा करू नका. आणि दूरचा असेल तर पैसे दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता मान आणि मनगट उघडून दाखवल्यावर.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मी केला होता, न कापता, कुरिअरच्या चिठ्ठीवरचं वजन दिसेल असा. तेवढं एक शहाणपण. त्याचा उपयोग काय झाला ते ऐका.

पैसे गेले त्या दिवसापासून पार्सल यायला चार दिवस. पैसे गेल्याबरोबर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, फोन करा म्हणजे पुढच्या खात्यात अडवता येतात, हे सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. पण ज्याला नकली वस्तू पाठवलीय त्याला आपण बुडालो हे कळतं कधी? माल हातात आल्यावर. तोवर पैसे चार खाती ओलांडून एटीएममधून निघालेले. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो, मीच टाकला. मग बँकेचा संबंध संपला.

पहिल्या पोलीस ठाण्यात ड्युटीवरच्या माणसाने फोटो बघितला, शेजारच्याला दाखवला. ‘बावलेक (बाहुलीला) सत्तावीस हजार?’ दोघे हसले. मी हसलो नाही, पण ओरडलोही नाही, आता वाटतं ओरडायला हवं होतं. सत्तावीस हजारांची साखळी गेली असती तर हसले असते? मग म्हणे वस्तू तर मिळालीय, मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद. मग म्हणे आरोपी दक्षिण गोव्यातला, तिकडे जा. तिकडे गेलो. तिथे म्हणाले पैसे तुम्ही उत्तरेतून भरलेत, तिकडे जा. दोन चकरा, दोन सुट्ट्या, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी रीकास्ट म्हणजे काय हे मुळापासून. राज्य केवढं आणि हद्दी किती! हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायचीच, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. मी छापील कागद पुढे केला तर तो न वाचता परत आला. शेवटी साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. ‘कळवतो.’ अजून कळवतायत.

तुमच्यावर ही वेळ आली तर ‘फिगर’, ‘बाहुला’, ‘खेळणं’ हे शब्द अर्जात लिहूच नका. ‘संग्राह्य वस्तू, मूळ म्हणून विकलेली, नकली निघालेली’ असं लिहा, आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ स्वतः घाला. cheating हा शब्द तोंडी सांगून कुणी लिहून घेत नाही. नकलीपणाचा पुरावा म्हणून खऱ्या आणि खोट्या मानेचे शेजारीशेजारी फोटो जोडा. माझ्या पहिल्या अर्जात ते नव्हते. विकणारा नेमाने माल विकत असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे: तक्रार आपण राहतो तिथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. एकदाच घरचं काही विकणाऱ्यावर तिथे फार चालत नाही. म्हणून त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. तक्रारीचा वास लागला की तो सगळं पुसतो. माझ्याकडे नऊ आहेत, दहावा काढेपर्यंत खातं गायब झालं.

खातं नवं आलंय, नाव वेगळं. परवा त्यावर मार्व्हलच्याच स्टार-लॉर्डची फिगर विक्रीला लागली, २४,००० ला, ‘भावाने बोटीवरून आणलेली, खूप जुनी’. मागे तोच हिरवा पडदा. जाकीट अगदी नवंकोरं दिसतंय.