इंजिनाच्या धगीत कोण टिकेल: इन्कोनेल ७१८ की एमए ७५४?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये इंजिनाचे भाग बनवू पाहणाऱ्यांनी आधी तापमान विचारावं. सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातूच घ्या. ताकद भरपूर, वेल्डिंगही जमतं. त्यापुढे मात्र त्याला बळ देणारे सूक्ष्म कण वाढतात, रूप बदलतात आणि धातू नरमतो.

एमए ७५४ या निकेल-क्रोमियम मिश्रधातूत यिट्रिया या सिरॅमिकचे नॅनोकण विखुरलेले असतात. ते १,००० अंशांपलीकडेही विरघळत नाहीत. स्फटिकातले दोष सरकू लागले की त्यांना अडवून धरतात. म्हणून भाग तापून हळूहळू ताणला जाणं कमी होतं. हीच त्याची खरी थोरवी! पण तो बनवताना धातूची आणि यिट्रियाची पूड बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात, तासन्‌तास कुटावी लागते, खर्च चढतो. साधं वेल्डिंग केलं तर वितळलेल्या धातूत कण एकत्र गोळा होतात, सांधा कमजोर पडतो. प्रचंड उष्णता पण बेताचा भार असेल, तिथेच मी तो निवडेन.