ओपन व्हीस्विचचं बाँडिंग: माझ्याकडून पाचपैकी साडेतीन

ओपन व्हीस्विच (थोडक्यात ओव्हीएस) म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा नेटवर्क स्विच, आणि बाँडिंग म्हणजे नेटवर्कच्या दोन किंवा जास्त केबल एकत्र बांधून एकच असल्यासारख्या वापरणं. दोन एक-गिगच्या केबल जोडल्या की फाइल कॉपी दोन गिगने पळणार अशी आशा धरून कोणी आलं असेल तर तसं होत नाही बाबा, ओपन व्हीस्विचमध्ये नाही, लिनक्सच्या साध्या बाँडमध्ये नाही आणि लाखभर रुपयांच्या स्विचमध्ये पण नाही. एक टीसीपी कनेक्शन (डेटा क्रमाने पोचवणारी नेहमीची पद्धत) एकाच केबलवरून जातं, कारण पॅकेट दोन वाटांनी पाठवले की मागेपुढे पोचतात आणि टीसीपी गडबडतं. (लिनक्समध्ये राउंड-रॉबिन मोड आहे तो असंच वाटून पाठवतो, आणि म्हणूनच शक्यतो त्याच्या वाटेला कोणी जात नाही.) बाँडिंगचा फायदा दोनच, एक केबल गेली तरी काम चालू राहतं, आणि बरीच कनेक्शनं असतील तर ती दोन्हीकडे विभागली जातात. एवढं मान्य असेल तर पुढे वाचा.

आता हा विषय एवढा चर्चेत का, तर नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतलं, लगेच कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, आणि छोट्या ऑफिसवाल्यांनी त्याच कामाचं फुकट प्रॉक्समॉक्स भराभर टाकायला सुरुवात केली. तिथे नेटवर्कच्या टॅबमध्ये गेलं की दोन पर्याय दिसतात, लिनक्स बाँड आणि ओव्हीएस बाँड, आणि माणूस तिथेच अडकतो. व्हीएमवेअरमधून आलेल्यांना तर अजूनच नवल, कारण तिकडच्या स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी (दोन्ही टोकांनी आपसात बोलून केबलचा ग्रुप ठरवायची पद्धत) येतच नाही, त्याला डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो म्हणजे वरचं लायसन्स आलं. इथे फुकट. आणि गंमत बघा, ओपन व्हीस्विच ज्या निसिरा कंपनीने बनवलं ती 2012 मध्ये व्हीएमवेअरनेच विकत घेतली होती! त्याच वर्षी त्याचं मॉड्युल लिनक्स कर्नल 3.3 मध्ये आलं, आणि 2016 पासून प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनकडे आहे. म्हणजे उद्या कोणी मालक बदलला म्हणून बिल येईल ही भीती नाही.

इन्स्टॉल करायला काही नाही, प्रॉक्समॉक्समध्ये ते आधीपासून नसतं, एक पॅकेज टाकायचं. मग ओव्हीएस ब्रिज (व्हीएम ज्याला जोडतात तो आभासी स्विच), त्यात ओव्हीएस बाँड. नवीन माणूस अडकतो तो होस्टच्या, म्हणजे खुद्द सर्व्हरच्या, आयपीवर, तो कुठे द्यायचा? बाँडवर नाही. त्यासाठी इंटपोर्ट नावाचा वेगळा प्रकार बनवायचा आणि व्हीलॅनचा (एकाच केबलवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) टॅग त्यालाच द्यायचा. एकदा कळलं की सोपं आहे, पण स्क्रीनवर कोणी सांगत नाही.

मोड तीनच आहेत, लिनक्स बाँडमध्ये सात. मला हे तीनच असणं आवडलं. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप म्हणजे एक केबल चालू, दुसरी राखीव, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

खरी मजा बॅलन्स-एसएलबीमध्ये आहे आणि माझे जास्तीत जास्त मार्क यालाच. आपल्याकडे छोट्या कारखान्यात, क्लिनिकमध्ये, सीएच्या ऑफिसात स्विच कसला असतो, तर साधा, मॅनेज न होणारा, त्याला एलएसीपी म्हणजे काय ते माहीतच नाही, आणि मालक म्हणतो चालतंय ना, मग नवा कशाला. एसएलबीला स्विचकडून काहीच लागत नाही. प्रत्येक व्हीएमचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) आणि व्हीलॅन बघून तो 256 कप्प्यांत हॅश करतो, म्हणजे ठरलेल्या गणिताने कप्पा ठरवतो, कप्पे दोन्ही केबलवर वाटतो, आणि दर 10 सेकंदांनी बघतो की एका बाजूला भार जास्त झालाय का, झाला असेल तर काही कप्पे उचलून दुसरीकडे टाकतो. स्विचच्या नजरेत काही मॅक या पोर्टवर, काही त्या पोर्टवर, बस. उत्तरं पण मॅक जिथे दिसला तिथेच परत येतात म्हणून येणारा ट्रॅफिकसुद्धा वाटला जातो. केबल तुटली तर ओव्हीएस स्वतःच व्हीएमच्या वतीने छोटे पॅकेट सोडून स्विचला नवा रस्ता शिकवतो. आठ-दहा व्हीएम असतील तर झकास चालतं.

पण एक व्हीएम म्हणजे एका वेळी एकच केबल, हे विसरू नका. आणि सगळं नेटवर्क एका फायरवॉल व्हीएमच्या मागे नॅट करून (सगळ्यांचा ट्रॅफिक त्याच्या एकट्याच्या पत्त्याने बाहेर पाठवून) ठेवलं असेल तर बाहेर पडणारा सगळा ट्रॅफिक एकाच मॅकचा, म्हणजे एक केबल घाम गाळतेय आणि दुसरी नुसती बसून. मग लोक म्हणतात बाँडिंग चालत नाही.

मॅनेज्ड स्विच असेल तर बॅलन्स-टीसीपी घ्या. हा आयपी आणि पोर्ट नंबरपर्यंत बघून वाटतो त्यामुळे एकाच व्हीएमची वेगवेगळी कनेक्शनं पण विभागली जातात. याला एलएसीपी लागतंच आणि स्विचवरही तेच दोन पोर्ट एका ग्रुपमध्ये टाकावे लागतात. दोन्ही टोकं पॅसिव्ह (स्वतःहून सुरुवात न करणारी) ठेवली तर दोघंही आधी तू बोल म्हणत बसतात आणि बाँड काही उभा राहत नाही, निदान एक बाजू अ‍ॅक्टिव्ह हवी. दोन केबल दोन वेगळ्या स्विचला लावायच्या असतील तर ते स्विच स्टॅक किंवा एमलॅगवाले (दोन मिळून एकच स्विच असल्यासारखे वागणारे) पाहिजेत, नाहीतर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपच बरा.

इथे एक सेटिंग डोळ्यात तेल घालून बघा, एलएसीपी-फॉलबॅक-एबी. हे चालू नसेल आणि समोरचा स्विच एलएसीपी बोलत नसेल तर ओव्हीएस पूर्ण बाँडच बंद ठेवतो. पूर्ण. सर्व्हर भोसरीत, तुम्ही घरी कोथरूडला, आणि अप्लाय दाबलं... कळलं ना. ते ट्रू केलं की निदान अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपवर येऊन चालू राहतो आणि स्विच नीट झाला की आपोआप एलएसीपीवर जातो. माझ्या मते हे डिफॉल्टच चालू पाहिजे होतं, अर्धा स्टार यासाठीच कापला.

एलएसीपीचा टाइम पण फास्ट ठेवा. स्लोमध्ये 30 सेकंदांनी एकदा हाक मारतात आणि तीन हाका चुकल्यावर समोरचा गेला असं मानतात, म्हणजे दीड मिनिट. केबल थेट असेल तर लिंक पडल्याचं तसंही लगेच कळतं, पण मधे फायबरचा मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) असेल तर पलीकडची बाजू मेली तरी अलीकडे दिवा हिरवाच दिसू शकतो, तिथे हे दीड मिनिट फार महागात पडतं. फास्टमध्ये दर सेकंदाला हाक, तीन सेकंदांत निकाल.

टेस्ट करताना आयपर्फ3 (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) एका स्ट्रीमने, म्हणजे एकाच कनेक्शनने, चालवून 940 एमबीपीएसच्या आसपास आकडा आला म्हणून कपाळाला हात लावू नका, तो बरोबरच आहे. आठ समांतर स्ट्रीम लावा, तरी अगदी निम्मे-निम्मे होतीलच असं नाही, हॅश आहे, कधी पाच-तीन, कधी सहा-दोन. आणि आपण फक्त जाणारा ट्रॅफिक वाटतो, येणारा कसा वाटायचा ते स्विच स्वतःच्या हॅशने ठरवतो, ते सेटिंग स्विचमध्ये जाऊनच बदलावं लागतं. लिनक्स बाँडवाल्यांनी पण लक्षात ठेवा, तिथे डिफॉल्ट हॅश लेयर 2 आहे, म्हणजे फक्त मॅक बघतो, म्हणजे एका मॅककडून गेटवेकडे (बाहेर जायच्या राउटरकडे) जाणारं सगळं एकाच केबलवर, ते लेयर 3+4 (आयपी आणि पोर्ट) नाहीतर निदान 2+3 (मॅक आणि आयपी) करा.

ओव्हीएसला एका बाबतीत मात्र तोड नाही, बघायची सोय. ओव्हीएस-अ‍ॅपसीटीएल या कमांडला बाँड/शो सांगितलं की कुठला कप्पा कुठल्या केबलवर आणि त्यावर किती भार ते समोर येतं, एलएसीपी/शो मध्ये पलीकडच्या स्विचने काय कळवलंय ते पण. लिनक्समध्ये प्रॉक फाइल (सिस्टिमची सद्यस्थिती दाखवणारी फाइल) वाचून दोन्ही केबलचा अ‍ॅग्रिगेटर आयडी (ग्रुपचा नंबर) सारखा आहे का ते बघत बसायचं.

बाकीचा एक स्टार कापला तो कॉन्फिगच्या पसाऱ्यासाठी. ओव्हीएसचा स्वतःचा डेटाबेस आहे, प्रॉक्समॉक्स मात्र इंटरफेसेस नावाच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमधून सगळं बनवतो, त्यामुळे कमांडने केलेला बदल फाइलमध्ये लिहायचा राहिला की पुढे कधीतरी डोकेदुखी. शिवाय ओव्हीएस आणि लिनक्सचे भाग एकमेकांत मिसळायचे नाहीत, लिनक्स बाँड ओव्हीएस ब्रिजमध्ये घालणं किंवा उलटं, प्रॉक्समॉक्सवाले स्वतः नको म्हणतात. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) हवी असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, प्रत्येक थरावर वेगळा द्या, कार्ड, बाँड, ब्रिज, इंटपोर्ट, एक जरी राहिला तरी पिंग चालेल आणि मोठी फाइल अडकेल.

मग घ्यावं का? स्विच मॅनेज्ड आहे आणि नुसतं एलएसीपी हवंय तर लिनक्स बाँड पुरे, उगाच एक पॅकेज वाढवू नका. स्विच साधा आहे आणि व्हीएम भरपूर, तर ओव्हीएस डोळे झाकून घ्या. आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) स्टोरेजसाठी दोन्ही नको, तिथे मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे अनेक वाटा वापरणारी सोय) लावा, तो त्याच कामासाठी आहे. आणि क्लस्टर (एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर) असेल तर कोरोसिंकला, म्हणजे त्या सर्व्हरना आपसात बोलतं ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, वेगळं साधं पोर्ट द्या, एक गिगचं चालतं, त्याला वेग नको असतो, वेळेवर पॅकेट पोचलं की झालं.