देव पुढे की मागे? पहिलं रोमन चांदीचं नाणं निवडताना

एकच रोमन चांदीचं नाणं घ्यायचंय आणि त्यावर देव हवाच, असं असेल तर आधी एवढं ठरवा: देवाचा चेहरा बघायचाय की अख्खी मूर्ती?

चेहरा हवा असेल तर प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या, काळातला दीनारियस (रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं) घ्या. इ.स.पू. २११च्या सुमारास तो सुरू झाला, वजन पुढे साधारण ३.९ ग्रॅमवर स्थिरावलं. जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालायची रोममध्ये रीत नव्हती (ती ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४मध्ये मोडली), म्हणून दर्शनी बाजू बहुतेक देवांचीच. सुरुवातीच्या नाण्यांवर पंखांचं शिरस्त्राण घातलेली रोमा देवी असते आणि मागे भाले रोखून घोडे उधळणारे कॅस्टर-पोलक्स हे जुळे. आपल्या अश्विनीकुमारांचे चुलतभाऊच म्हणा.

मला विचाराल तर इ.स.पू. १०५चं थोरियस बाल्बसचं नाणं. जुनो देवीने डोक्यावरून बकऱ्याचं कातडं ओढलंय, तेही शिंगासकट. मागे मुसंडी मारणारा बैल. ग्रीकमध्ये बैलाला ‘तावरोस’ म्हणतात आणि टांकसाळीचा अधिकारी थोरियस; देवीच्या नाण्यावर साहेबांनी आपलंही नाव असं खपवलं, असं मानतात. हे नाणं बाजारात बऱ्यापैकी मिळतं.

अख्खी मूर्ती हवी असेल तर सम्राटांच्या काळातलं नाणं घ्या. सम्राट आले आणि दर्शनी बाजू त्यांनी बळकावली. देव मागे गेले, उभे आणि इवलेसे. चेहरा झिजलेला असला तरी हातातल्या वस्तूवरून ओळख पटते: वज्र दिसलं की ज्युपिटर. चक्र दिसलं की विष्णू, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय अनेकदा कडेने देवाचं नाव लिहिलेलं असतं. या गटात सम्राट डोमिशियनचं (इ.स. ८१–९६) मिनर्व्हा देवीचं नाणं घ्या, त्यातही पायाशी घुबड असलेलं. त्याने ८२मध्ये चांदीचा कस वाढवला होता. शंभरेक वर्षांनी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या दीनारियसमध्ये जेमतेम निम्मी चांदी उरली.

इ.स. २१५मध्ये सम्राट काराकल्लाने काढलेला अँटोनिनियानस (दीनारियसनंतरचं दुसरं चांदीचं नाणं) स्वस्त पडतो, पण २६०नंतरचा म्हणजे तांब्यावर चांदीचा मुलामा. सम्राट गॅलिएनसच्या नाण्यांवर शिकारीची देवी डायना हिच्याऐवजी तिचं हरीण येतं, त्या मजेसाठी घ्या. चांदी म्हणून नको.

दीनारियस घेताना कड भिंगाखाली बघा. आत तांबं डोकावत असेल तर ते त्या काळातलंच बनावट नाणं. काहींची कड मात्र मुळातच दातेरी कापलेली असते, तिला तूट समजून भाव पाडू नका.