गडचिरोली, कळवा की न्हावा शेवा? अनियमित युद्धावर लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘अनियमित युद्ध’ (दोन सैन्यांच्या उघड लढाईऐवजी गनिमी, छुप्या किंवा सायबर मार्गाने चालणारा संघर्ष) हा विषय नक्की होतो, गाईडचा होकारही मिळतो आणि मग खरी अडचण सुरू होते: केस स्टडी कोणती घ्यायची? ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी दोन नावे हमखास असतात. एक गडचिरोली, म्हणजे माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष. दुसरे कळवा, म्हणजे २०२० मध्ये मुंबई-ठाण्याची वीज गेली तो दिवस आणि त्यामागे सायबर हल्ला होता का, हा वाद. तिसरे नाव फारसे कुणी घेत नाही. ते म्हणजे न्हावा शेवा, जून २०१७, म्हणजे परदेशातल्या सायबर हल्ल्याची झळ बसलेले आपले बंदर. माझा कौल तिसऱ्याला आहे. पण तो प्रत्येकाला लागू पडणार नाही, म्हणून तिन्हींचा हिशेब मांडते.

गडचिरोलीपासून सुरुवात करू, कारण तिथे सामग्री सर्वांत जास्त आहे. संशोधकाला क्वचितच मिळते ती गोष्ट इथे मिळते: संघर्षाचा आरंभ, चढ आणि उतार, तिन्ही नजरेच्या टप्प्यात आहेत. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा काढलेला हा जिल्हा. १९९० मध्ये तिथल्याच तरुणांमधून सी-६० हे कमांडो पथक उभे राहिले. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि एमसीसी (माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर) या दोन गटांचे विलीनीकरण होऊन भाकप (माओवादी) पक्ष झाला. आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी या पक्षाचा ज्येष्ठ नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली.

सी-६० मुळे चित्र पालटले, असे सरधोपट उत्तर बरेचजण लिहितात. पथकातल्या जवानांना गोंडी-माडिया येते, जंगलातल्या वाटा ठाऊक असतात, हे खरेच आहे. पण पथक उभे राहिल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, २००९ या एकाच वर्षात, मरकेगाव येथे १५ आणि लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला आधी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली आणि तिकडे निघालेल्या पोलिसांच्या गाडीखाली जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. त्यात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. म्हणजे निव्वळ पथकाने उत्तर पुरे होत नाही. त्याच २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. बंदूक न उचलता, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गावाने जंगलावरचा हक्क कायद्याने मिळवला. पोलिसांनी पुढे ‘दादालोरा खिडकी’ काढून दाखले आणि सरकारी योजना पोलीस ठाण्याच्या दारातच उपलब्ध केल्या. दुसऱ्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाची खाण आहे. तिने काहींना रोजगार दिला आणि काहींचा रोषही ओढवून घेतला. यातल्या कशाचे किती वजन, हाच प्रबंधाचा गाभा होऊ शकतो, आणि तो अस्सल आहे.

पण ठाण्यात बसून तो लिहिता येईल का? नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी आणि भामरागडला जायचे तर आणखी एक दिवस. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा जुलै-ऑगस्टचे फिल्डवर्क आखूच नका. याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. या जिल्ह्यात ‘खबऱ्या’ असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांचे खून झाले आहेत आणि पोलिसांच्या संशयाखालीही माणसे राहिली आहेत. शहरातून आलेला विद्यार्थी वही उघडून प्रश्न विचारतो आणि परत जातो. उत्तर देणारा तिथेच राहतो. तिथल्या एखाद्या संस्थेची सोबत, मुलाखतींतली नावे बदलण्याची शिस्त आणि निदान महिनाभर राहण्याची तयारी नसेल, तर मुलाखतींचा बेत सोडून द्यावा. मग उरतात वर्तमानपत्रांच्या विदर्भ आवृत्त्या, न्यायालयांचे निकाल, गृह खात्याचे वार्षिक अहवाल आणि साउथ एशिया टेररिझम पोर्टलवरची आकडेवारी. एवढ्यावरही चांगला प्रबंध होतो, पण त्यात जंगलातला माणूस बोलत नाही, हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे लागेल.

आता कळवा. आकर्षण उघड आहे, घटना आपल्या दाराशी घडली. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, रुग्णालयांना जनरेटरवर तगून राहावे लागले. चीनबरोबरच्या गलवानच्या चकमकीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीने अहवाल दिला की चीनशी संबंधित ‘रेडएको’ गटाने भारतीय वीजक्षेत्रातल्या यंत्रणा लक्ष्य केल्या आहेत. लगेच तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. खुद्द रेकॉर्डेड फ्युचरनेही घुसखोरी आणि त्या दिवसाचा अंधार यांचा संबंध सिद्ध झाला असे म्हटले नव्हते. बातम्यांच्या मथळ्यांत ही बाब हरवली आणि ती अजूनही अनेक निबंधांत हरवलेलीच दिसते.

म्हणून कळव्यावर ‘चीनने मुंबई अंधारात कशी टाकली’ असा प्रबंध कुणी लिहू नये. तो पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. कळव्याचा खरा विषय आहे तो संशय. हल्ला झाला की नाही हे ठरत नसताना सरकारची दोन अंगे दोन गोष्टी सांगतात, लोक तिसरीच मानतात आणि प्रतिस्पर्ध्याने काही न करताही त्याचा धाक बसतो. युद्ध आणि शांतता यांच्यामधला ‘ग्रे झोन’ म्हणतात तो हाच. हा विषय उत्तम आहे, पण त्याचा शेवट ‘सिद्ध करता येत नाही’ असाच होणार. तो शेवट ठामपणे पेलणारा गाईड आणि विद्यार्थी दोघेही लागतात. शिवाय वीज कंपनीतला अभियंता नाव देऊन बोलणार नाही. त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो, आग्रह धरू नये.

१७३७ मध्ये स्थानिकांच्या मदतीने मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे कसे घेतले, असाही विषय काहीजण सुचवतात. मोडी वाचता येत असेल तर जरूर घ्या, नसेल तर नको.

न्हावा शेवाची गोष्ट अशी. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये करभरणीच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. निशाणा युक्रेन होता. पण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे त्यात सापडले आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या कंटेनर टर्मिनलचे कामकाज कोलमडले. युक्रेनशी काहीही देणेघेणे नसलेल्या बंदरात कंटेनरची नोंद संगणकाविना हाताने करण्याची वेळ आली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर दिला होता.

इथे कळव्यासारखी संदिग्धता नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्कराकडे जाहीरपणे बोट दाखवले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. ते वाचायला मिळते. रशियाने आरोप नाकारले, तेही नोंदवा. आणि एक धागा तर फार थोडे जण पाहतात. मर्क या औषध कंपनीने त्याच हल्ल्यातल्या सुमारे १४० कोटी डॉलरच्या नुकसानीचा विमा मागितला, तेव्हा विमा कंपन्यांनी ‘हे युद्धकृत्य आहे, युद्धाला विमा लागू नाही’ असा पवित्रा घेतला. न्यू जर्सीच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो फेटाळला. म्हणजे हल्ला एका देशाच्या लष्कराचा, आणि तरी पॉलिसीतल्या अर्थाने युद्ध नाही. युद्ध कुठे सुरू होते, हा अनियमित युद्धातला सर्वांत अवघड प्रश्न इथे कोर्टाच्या कागदावर उतरलेला आहे. संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली सामग्री कुठे मिळणार?

आणि हे सारे लोकलच्या अंतरावर आहे. ठाण्याहून नेरूळ, तिथे गाडी बदलून उरण मार्गावर न्हावा शेवा. जानेवारी २०२४ पासून ही गाडी थेट उरणपर्यंत जाते. बंदरात शिरायला परवानगी लागेल, पण कस्टम हाउस एजंट, कंटेनर ट्रेलरचे चालक, गोदामांचे व्यवस्थापक बाहेरच भेटतात आणि त्या दिवसांत काय घडले हे बोलल्याने त्यांच्या जिवाला धोका नसतो. महापे येथे राज्याच्या सायबर विभागाचे मुख्यालय आहे, तिथे रीतसर पत्र देऊन वेळ मागता येईल. उणीव एकच: तांत्रिक भाग समजून घ्यायला मेहनत पडेल. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्याआधी संगणक शाखेतल्या एखाद्या मित्राला चार-पाच संध्याकाळी मागून घ्या.

तेव्हा ज्यांना माणसांमध्ये राहून काम करायचे आहे, हाताशी वर्षभर आहे आणि विदर्भात कुणाचा आधार आहे, त्यांनी गडचिरोलीच घ्यावी. तो संघर्ष ओसरत असताना त्याच्या आठवणी टिपून ठेवणारे हवेच आहेत. धोरण आणि माध्यमे यांत रस असेल तर कळवा. हाताशी एकच सत्र असेल आणि घर ठाण्या-वाशीत असेल तर न्हावा शेवा, आणि कळवा त्यात एका प्रकरणापुरता: एकीकडे कर्ता ठरलेला हल्ला, दुसरीकडे कर्ताच न ठरलेला बिघाड. सिनॉप्सिसमध्ये प्रश्न असा मांडता येईल: परकीय लष्कराच्या सायबर हल्ल्यात भारतीय बंदराचे नुकसान झाले, तर ते भरून देण्याची आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी भारतीय कायद्यात आज नेमकी कुणावर आहे?