जुन्या डिझेल हॅचबॅकमध्ये क्लोन केलेला ईसीएम: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी १२४८ सीसी कॉमन रेल डिझेल हॅचबॅक, बीएस-४, वॉरंटी कधीच संपलेली. बसवलेला भाग म्हणजे त्याच हार्डवेअर नंबरचा, जुन्या बाजारातून घेतलेला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक (पुढे ‘मॉड्यूल’ म्हटलंय ते हेच). मूळ मॉड्यूलचा सगळा डेटा त्यात उतरवून घेतला आहे. अख्खा पावसाळा आणि नंतरची थंडी काढून गाडी आजही पहिल्या सेल्फला सुरू होते आणि चेक लाइट लागलेला नाही. हा मार्ग चालतो. पण मॉड्यूल बदलणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. जुनं मॉड्यूल का गेलं हे शोधून ते कारण मिटवलं नाही, तर दुसरंही त्याच वाटेने जातं.

लक्षणं नेहमीचीच होती: चालता चालता इंजिन बंद, थोड्या वेळाने पुन्हा सुरू, मग एक दिवस सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. स्कॅनर लावला तर एबीएस आणि मीटर बोलतात, इंजिन मॉड्यूल गप्प. बाकीच्या मॉड्यूलमध्ये यू०१०० हा फॉल्ट कोड नोंदलेला, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. एवढ्यावर ‘ईसीएम गेला’ असं गॅरेजमध्ये लगेच सांगितलं जातं, आणि इथेच पैसे वाया जातात. यू०१०० फक्त शांतता सांगतो, शांततेचं कारण सांगत नाही.

पहिली तपासणी सप्लाय आणि अर्थची (बॅटरी निगेटिव्हकडे परतणारी वायर), आणि ती लोड देऊनच, म्हणजे वायरमधून खरा प्रवाह वाहवूनच करायची. मल्टिमीटरला विद्युतप्रवाह जवळजवळ लागत नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. ईसीएमचा कपलर (वायरिंग जोडणारा प्लग) काढून, वायरिंग डायग्राम समोर ठेवून, प्रत्येक सप्लाय पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये बल्ब लावा. काही सप्लाय मेन रिलेतून येतात आणि तो रिले ईसीएम स्वतः ओढतो, म्हणून कपलर काढलेला असताना रिलेच्या जागी फ्यूज असलेली जंपर वायर लावावी लागते. मग बॅटरी पॉझिटिव्ह आणि प्रत्येक अर्थ पिन यांच्यामध्ये. बल्ब पूर्ण उजेडात पेटला पाहिजे आणि तो पेटलेला असताना अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह हा फरक ०.१ व्होल्टच्या आत हवा. पिनमध्ये जाड प्रोब खुपसू नका. पिन एकदा सैल झाली की पुढचे सहा महिने भुताटकी शोधत बसाल. बॅटरी ट्रेच्या खालचा अर्थ बोल्ट आधी बघा. ॲसिडच्या थेंबांनी तिथे पांढरा खार धरतो, आणि कित्येक ‘मेलेले’ ईसीएम तो बोल्ट घासल्यावर जिवंत होतात.

दुसरी तपासणी ५ व्होल्टची. रेल प्रेशर सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल, बऱ्याच गाड्यांत एसीचा प्रेशर सेन्सरसुद्धा, ईसीएमने दिलेल्या ५ व्होल्टवर चालतात. त्यातला एक शॉर्ट झाला की त्या लाइनवरचे सगळे बसतात. कपलर लावून, चावी ऑन ठेवून एकेक सेन्सर काढत जा. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात, दोष त्याचा. पी०६४१ किंवा पी०६५१ (या ५ व्होल्टच्या लाइनचे कोड) दिसला तर ही पायरी केल्याशिवाय मॉड्यूलला हात लावू नका.

तिसरी कॅन लाइनची, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या दोन वायरची. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लागतो) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये साधारण ६० ओम यायला हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर शॉर्ट आहे. या तिन्ही तपासण्यांतून गाडी स्वच्छ निघाली आणि मॉड्यूल तरीही गप्प, तेव्हा कुठे संशय मॉड्यूलवर येतो.

या गाडीत कारण पाणी होतं. काचेखालच्या जाळीचा ड्रेन पानांनी तुंबलेला, पाणी हार्नेसवर (वायरच्या जुडग्यावर) ठिबकत होतं आणि वायरवरून ओघळत कपलरच्या मागे जात होतं. चालताना मॉड्यूल तापतं, आतली हवा प्रसरण पावते. थंड पाणी पडलं की ती आकसते आणि जिथून फट मिळेल तिथून ओल आत ओढते. कपलर उघडल्यावर दोन पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड होती, आणि कायम चालू असलेल्या बॅटरी पॉझिटिव्हची पिन अर्धी झिजून टोकदार झालेली. ओलीत सतत व्होल्टेज असलेली पिनच आधी खाल्ली जाते. त्या वायरचं इन्सुलेशन सोललं तर तांबं दोन इंच आतपर्यंत काळं होतं. अशी वायर नुसती घासून भागत नाही. तांबं चकचकीत लागेपर्यंत कापायची, नवी वायर क्रिंप करून जोडायची, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. नुसतं सोल्डर करू नका, इंजिनच्या थरथरीने सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर तुटते.

मॉड्यूलमधलं इंजेक्टर चालवणारं ड्रायव्हर सर्किट जळालं असेल तर ते कोणी जाळलं तेही आधी तपासायचं. सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल एक ओमच्याही खाली असते, त्यामुळे साध्या मीटरवर ती शॉर्ट वाटते. चारही एकमेकांशी ताडून बघा आणि बॉडीला कुठली लागत नाही ना ते बघा.

आता खरेदी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी करताना ‘या मॉडेलचा द्या’ म्हणू नका, लेबलवरचा पूर्ण हार्डवेअर नंबर दाखवा. हे इंजिन एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्यांत आलं, त्यामुळे दिसायला सारखे, कपलरही बसणारे, पण आतून वेगळे मॉड्यूल भरपूर फिरतात. स्क्रूचे खाचे खरवडलेले, कडेचं सीलंट दुसऱ्या रंगाचं, म्हणजे कोणीतरी उघडलंय. पिनांच्या मुळाशी मातीची रेघ असेल तर सोडून द्या. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. बुडालेल्या गाडीचं मॉड्यूल वरून पुसून छान दिसतं. इलेक्ट्रिकल माल सहसा परत घेत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी टेबलवर लावून ते वाचलं जातं का ते बघणं हाच एक उपाय.

क्लोन करताना दोन गोष्टी उतरवायच्या: फ्लॅश (इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ईईप्रॉम (त्या गाडीपुरती माहिती ठेवणारी मेमरी). ईईप्रॉममध्ये चावीची इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) ओळख, चेसिस नंबर आणि इंजेक्टरचे कोड असतात. ते जसेच्या तसे आले की चावी पुन्हा मॅच करावी लागत नाही. जुनं मॉड्यूल टूलला अजिबात उत्तर देत नसेल तर ईईप्रॉमची आठ पायांची चिप काढून थेट वाचता येते. मात्र काही मॉड्यूलमध्ये ती प्रोसेसरच्या आतच असते, तिथे काम अवघड होतं. डेटा लिहिताना सप्लाय स्थिर हवा. साधा बॅटरी चार्जर चालणार नाही, त्याच्या व्होल्टेजमध्ये लहरी असतात आणि मध्येच लिहिणं तुटलं तर हातात वीट उरते. मूळ गाडीवर कोणी रीमॅप (सॉफ्टवेअरमध्ये फेरफार) केला असेल तर तोही क्लोनमध्ये येतो, हे लक्षात ठेवा.

बसवताना चावी बंद करून पाचेक मिनिटं थांबा, मग निगेटिव्ह काढा, मगच कपलर. कपलरचा लिव्हर बोटाने बंद झाला पाहिजे, जोर लागतोय म्हणजे पिन वाकडी आहे. ग्रीस रबर सीलला, पिनांवर थापायचं नाही. हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोका द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच गळून जाईल. सुरू केल्यावर चार्जिंग १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आहे ना ते बघा, आणि कोड साफ करा. क्लोनबरोबर जुने कोडही येतात.

इतक्या महिन्यांत काय बदललं? स्टार्टिंग खणखणीत. मायलेज आणि पिकअप होतं तेवढंच, आणि तसंच असायला हवं, कारण सॉफ्टवेअर तेच आहे. ‘ईसीएम बदलला की गाडी उडते’ हे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्कॅनरवर चारही सिलिंडरची इंजेक्शन करेक्शन (प्रत्येकाच्या डिझेलमध्ये ईसीएम करतो ती कमी-जास्त) पूर्वीसारखीच. पाऊस संपल्यावर कपलर उघडून बघितला: पिना कोरड्या, कुठे हिरवं नाही, लोडवरचा अर्थचा फरक बसवला तेव्हा होता तेवढाच. उणी बाजू एवढीच की हे मॉड्यूलही तेवढंच वय झालेलं आहे. आतले कपॅसिटर आणि सोल्डरचे जोड नवे नाहीत. भर उन्हात गरम इंजिन पुन्हा सुरू करताना खळखळ झाली, तर आधी संशय इथेच घ्यावा लागेल.

बीएस-६ गाडीत हा मार्ग सुचवणार नाही. तिथे डेटावर सुरक्षा कडक असते आणि डीपीएफच्या (सायलेन्सरमधल्या धुराच्या फिल्टरच्या) काजळीचा हिशेबही मॉड्यूलमध्ये असतो. अधिकृत प्रोग्रॅमिंग महाग पडलं तरी तेच करा.

गाडीवर वेल्डिंग करायचं असेल, अगदी सायलेन्सरचा हँगर असला तरी, निगेटिव्ह आणि ईसीएमचा कपलर दोन्ही काढायला लावा. इंजिन धुताना प्रेशर गन मॉड्यूलकडे नको. जुनं मॉड्यूल भंगारात देऊ नका: त्यावर गाडीचा नंबर लिहून ठेवा, आणि वाचलेल्या दोन्ही फाइल कारागिराकडून पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पुढच्या वेळी याच दोन फाइलवर काम अर्ध्या दिवसात होतं.