३ लिटरचा इन्स्टंट गीझर : एक थंडी वापरून झाल्यावर

सोलापुरात मे महिन्यात गीझरचं नाव काढलं तर लोक हसतील, गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही इतकं कढत असतं. पण जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पहाटे तेच पाणी असलं गार लागतं की बास. आमचं घर जुळे सोलापूरला, माणसं पाच, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमसाठी ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही कारण त्या साइजचे सगळे साधारण सारखंच काम करतात, आणि मला बोलायचंय ते साइजबद्दलच.

दुकानात गेलो तर समोर ३ लिटरचा, शेजारी ६ लिटरचा गॅस गीझर, पलीकडे १५ लिटरचा टाकीवाला. मी आपला सरळ हिशोब केला, ६ म्हणजे ३ च्या दुप्पट आणि १५ सगळ्यात भारी. साफ चूक! इन्स्टंटवरचे ३ लिटर म्हणजे आतल्या छोट्या भांड्यात पाणी किती मावतं ते. गॅसवाल्याचे ६ लिटर म्हणजे मिनिटाला किती गरम पाणी देतो ते, तेही पाणी साधारण २५ अंशांनी तापवायचं धरून. दोन्हीकडे लिटरच लिहिलंय पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आणि हे दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारलं की मग सांगतो.

इन्स्टंट घेताना लिटर सोडा, किलोवॅट बघा. ३ किलोवॅटचा हिटर पाणी २० अंशांनी तापवायचं असेल तर मिनिटाला दोन लिटरच्या जरा वर देतो, ह्याहून जास्त कुठलाच ब्रँड देऊ शकत नाही, वीज तेवढीच. मी थर्मामीटर लावून बघितलं (बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं), जानेवारीत सकाळी नळाला पाणी २० अंशाच्या आसपास होतं आणि आंघोळीला ४० पुरतं. म्हणजे १६ लिटरची बादली भरायला सात-साडेसात मिनिटं, आणि खरंच तेवढीच लागतात. नळ बारीक सोडायचा. पहिल्या दिवशी मी फुल्ल सोडला तर पहिले तीन लिटर चटका बसेल असे आले आणि पुढचं सगळं कोमट, मला वाटलं पीसच खराब आहे.

शॉवर विसरा. शॉवरला मिनिटाला सहा-आठ लिटर लागतात, त्याला आठ ते अकरा किलोवॅट पाहिजेत. युट्यूबवर अमेरिकेतले लोक आख्ख्या घराला एकच टँकलेस, म्हणजे बिनटाकीचा इन्स्टंट गीझर, बसवून दाखवतात, ते बघून इथं साइज ठरवू नका, तिकडं उत्तरेत हिवाळ्यात नळाला चार-पाच अंशाचं पाणी येतं आणि एकाच वेळी दोन शॉवर चालू असतात. आपल्याकडं बादली-तांब्या आणि २० अंशाचा फरक, काम भागतं.

मला जास्त खर्च वायरिंगला आला. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, बाथरूममध्ये आधीचा ६ अँपिअरचा साधा पॉइंट होता, वायरमन बघून म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर लावला तर आठवड्यात बोर्ड जळतंय बगा." मग मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढली, १६ अँपिअरचा पॉइंट आणि वेगळा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). अर्थिंग पण तपासून घेतलं, जुन्या घरात ते नुसतं नावाला असतं.

खाली काकांनी ६ लिटरचा गॅस गीझर लावलाय. अडीच मिनिटात बादली, पाचजणांच्या घाईला तोच बरा, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर आम्ही सगळे खालीच लाइनीत. पण तो बंद बाथरूममध्ये अजिबात लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. काकांनी बाहेर गॅलरीत लावून पाइप आत आणलाय. आणखी एक, त्याला पाण्याचा जोर लागतो, म्हणून वरच्या मजल्यावर जमला नाही, टाकी डोक्यावर जेमतेम पाच फूट, पेटतच नव्हता. माझा साइजचा प्रश्न खरं तर टाकीनंच सोडवला.

तक्रार एकच, बोअरच्या पाण्याची. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून मधल्या दिवसात बोअर चालतं, आणि त्या क्षारानं मार्चपर्यंत हिटरवर पांढरा थर चढला, तापायला वेळ लागायला लागला. उघडून साफ करून घेतला, आता परत सात मिनिटांवर आलाय. एक-दोन माणसांच्या बाथरूमला आणि बादलीनं आंघोळ करणाऱ्याला बिनधास्त घ्या. पाचही जणांना सात वाजता निघायचं असेल तर गॅस.